धूळ शिरते कुठून: ऑफ-रोड गाडीच्या एअर फिल्टरच्या प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर

गाडी म्हणजे २५० सीसीची मोटरसायकल, एका सिलिंडरची, फोर-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली. आधीच्या मालकाकडे बरीच वर्षं उभी होती. टाकी, टायर, चेन अशी कामं रांगेत आहेत, पण सुरुवात एअर फिल्टरपासून केली. तो पाहिल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं.

मागचे दोन बोल्ट काढले, सीट मागे ओढून वर उचलली. खाली एअरबॉक्स, म्हणजे फिल्टर बसतो तो डबा. फिल्टरला बोट लावलं आणि फोमचा तुकडाच हातात आला. वरून शाबूत दिसणारा फिल्टर आतून पूर्ण कुजलेला. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत पडून राहिला की पाण्याच्या वाफेनं त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात. आधी तो चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो. वापर झाला नाही म्हणून फिल्टर नवा राहत नाही. अशा अवस्थेत किक मारली असती तर तो भुगा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसला असता, आणि त्याच्या मागोमाग धूळ.

मधला लांब बोल्ट सोडवण्याआधी फिल्टरभोवतीचं सगळं ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. फिल्टर काढताना त्याच्या डोक्यावरची माती आतल्या तोंडात पडते, आणि तिथून पुढे इंजिनपर्यंत अडवणारं काही नसतं. फिल्टर सरळ वर न उचलता तिरपा करून, घाणेरडी बाजू तोंडापासून लांब ठेवत बाहेर घेतला. लगेच स्वच्छ फडक्याचा गोळा इनटेकच्या, म्हणजे इंजिनकडे हवा नेणाऱ्या वाटेच्या, तोंडात बसवला. गोळा मोठा हवा. लहान फडकं आत ओढलं जातं किंवा विसरलं जातं.

फोम फेकला. आतला प्लॅस्टिकचा पिंजरा ठेवला आहे, तो सरळ आहे का ते नंतर बघतो.

५ ऑक्टोबर

आज एअरबॉक्स. आधी हातानं चिखलाची ढेपळं काढली, मग व्हॅक्यूम, मग साबणाच्या पाण्याचं फडकं. पाण्याचा जोरदार फवारा इथे मुद्दाम टाळला. खालची निचऱ्याची नळी वाळलेल्या चिखलानं गच्च बुजलेली होती. ती मोकळी केली आणि तिच्या टोकाची रबरी टोपी बसवली. ती टोपी नसेल तर मागच्या चाकाचा चिखल खालून वर येतो.

मग कार्ब्युरेटर मोकळा करून इनटेकची रबरी नळी, म्हणजे बूट, आतून तपासला. पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवलं. फडक्यावर पिवळसर मातीचा पट्टा आला. फिल्टरच्या पुढची ही बाजू स्वच्छ असायला हवी. इथे दिसलेली माती म्हणजे इंजिननं खाल्लेल्या मातीचा उरलेला अंश.

इथे थोडं थांबून लिहितो, कारण पुढचं सगळं काम याच्यावर उभं आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनात त्याच्या साधारण १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन सुमारे पाऊण किलो, म्हणजे त्याला अकरा किलोच्या आसपास हवा. आकारमानात ती नऊ हजार लिटर भरते. आठ लिटरची टाकी संपेपर्यंत इंजिन सत्तर हजार लिटरच्या वर हवा ओढतं. दर घनमीटर हवेत दशांश ग्रॅमच धूळ धरली, तरी एका टाकीमागे सात ग्रॅम होते. पुढच्या गाडीच्या फुफाट्यात तास-दोन तास चालवणाऱ्याला हा हिशोब जास्त वाटणार नाही.

आणि ती धूळ साधी नाही. मातीत क्वार्ट्झ भरपूर असतं. मोह्सच्या मोजपट्टीवर ते ७ वर येतं, काच साडेपाचच्या आसपास. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधली तेलाची फिल्म अवघी काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाच ते वीस मायक्रॉनचे कण त्या फटीत सापडले की घासपेस्टचं काम करतात. एवढे बारीक कण डोळ्यांना सुटे दिसतही नाहीत. फिल्टरवर दिसणारी रेव आणि गवताच्या काड्या त्यामानानं निरुपद्रवी.

९ ऑक्टोबर

टॅपेटचं काम, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधलं अंतर मोजणं. पांढऱ्या फडक्यावर माती आल्यावर हे बघणं भागच होतं.

या इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे, वर कठीण पदार्थाचा पातळ लेप. धूळ हवेबरोबर आत येते तेव्हा इनटेक व्हॉल्व्हच्या सीटवरूनच, म्हणजे तो बंद होताना टेकतो त्या कडेवरूनच, जाते. लेप घासला गेला की खालचा टायटॅनियम भराभर झिजतो, व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो आणि त्याचा दांडा वर सरकतो. म्हणून अंतर वाढण्याऐवजी कमी होतं. ते संपलं की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि गाडी थंड असताना किक मारून माणूस दमतो. 'गाडी किकला जड झालीये' या तक्रारीमागे कार्ब्युरेटर खोलून बसणारे खूप पाहिले आहेत. खरं उत्तर पुष्कळदा फीलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या, पात्यावर सापडतं.

मॅन्युअलप्रमाणे इनटेकचं अंतर ०.१० ते ०.१५ मिमी हवं. उजवा ०.११ निघाला. डाव्यात ०.०८ चं पातं कसंबसं गेलं. एक्झॉस्टचे दोन्ही जागेवर. एक्झॉस्ट ठीक आणि इनटेक घट्ट, ही जोडी धुळीकडे बोट दाखवते.

डाव्याची शिम, म्हणजे हे अंतर ठरवणारी चकती, ०.०५ मिमीनं पातळ टाकली, अंतर ०.१३ झालं. व्हॉल्व्हचा लेप अजून किती उरला आहे हे पुढच्या मोजणीत कळेल. अंतर भराभर कमी होत गेलं तर लेप गेलेला आहे, मग कितीही शिमा बदला, व्हॉल्व्हच बदलावा लागेल.

सिलिंडर उघडला नाही. आत निकासिलचा थर आहे, म्हणजे निकेलमध्ये बसवलेले सिलिकॉन कार्बाइडचे कण. माहले या जर्मन कंपनीनं १९६७ मध्ये आणलेली ही पद्धत. थर धुळीपेक्षा कठीण, त्यामुळे आधी रिंगा आणि पिस्टनचे काठ झिजतात. पण थर एकदा गेला की जुन्या लोखंडी सिलिंडरसारखं बोअर वाढवून भागत नाही, पुन्हा मुलामा द्यावा लागतो. कॉम्प्रेशन मोजलं, ते मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहे. सध्या तेवढं पुरे.

१२ ऑक्टोबर

नवे फिल्टर आले. दोन घेतले आहेत. एक गाडीत असताना दुसरा धुऊन, तेल लावून तयार हवा. एकच असला की 'आज राहू दे, उद्या धुऊ' सुरू होतं आणि वाळण्याची घाईही होते.

फोम दोन पदरी आहे. बाहेरचा पदर जाड छिद्रांचा, आतला बारीक. कागदी फिल्टर धूळ पृष्ठभागावर अडवतो. फोम ती आपल्या जाडीत साठवतो. म्हणून धुळीत तो जास्त वेळ टिकतो आणि हवाही सुरू राहते. पण कोरडा फोम जवळजवळ काहीच अडवत नाही, त्याची छिद्रं धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी. धूळ धरण्याचं काम फोमच्या धाग्यांवरचं चिकट तेल करतं. फोम हा फक्त तेलाला टांगून ठेवणारा सांगाडा.

म्हणून तेल फोम फिल्टरचंच हवं. इंजिन ऑइल चालेल का, हा प्रश्न भाच्यानं विचारलाच. नाही चालत. इंजिन ऑइल चिकटून राहत नाही. रात्रभरात खाली उतरतं, वरचा भाग कोरडा पडतो आणि खाली साठलेलं तेल एअरबॉक्समध्ये ठिबकतं. फिल्टर ऑइलमध्ये पातळ करणारं सॉल्व्हंट असतं, त्यामुळे ते फोमभर पसरतं; सॉल्व्हंट उडून गेलं की मागे चिकट थर राहतो. निळा किंवा लाल रंगही उगाच नसतो. कुठे लागलं, कुठे राहिलं ते त्यानं दिसतं.

पद्धत अशी. नायट्राइलचे हातमोजे. फोम जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, वरून तेल ओतलं, पिशवीचं तोंड धरून बाहेरून मळत राहिलो. तेल कमी सांडतं आणि आतल्या पदरापर्यंत पोचतं. बाहेर काढून उजेडात धरला. फिकट दिसणाऱ्या जागी, विशेषतः शिवणीजवळ आणि कडेच्या वळणावर, पुन्हा थोडं तेल लावून बोटांनी चोळलं. रंग सगळीकडे सारखा झाल्यावर तळहातांत दाबून जास्तीचं तेल काढलं. पिळला नाही. पीळ दिला की पदरांमधला चिकटवलेला जोड सुटतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

तेल जास्त झालेलंही वाईट. हवा अडते, मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, प्लग काळा पडतो आणि थ्रॉटल उघडल्यावर गाडी गुदमरते. उभा धरला तर थेंब पडू नये, पण बोटाला चिकट लागावा, इतपत.

रात्रभर टांगून ठेवला आहे. सॉल्व्हंट पूर्ण उडाल्याशिवाय बसवणार नाही.

१३ ऑक्टोबर

पिंजरा सपाट काचेवर ठेवून पाहिला, डुगडुगत नाही. फिल्टर चढवला, कडेला वॉटरप्रूफ ग्रीसची पातळ रेघ दिली. बसवताना वरची खूण वर, कड चारी बाजूंनी बोटानं चाचपली, मग बोल्ट. बोल्ट बसेपर्यंत आणि वर थोडासा. फार आवळला की कड एकीकडे दबते आणि समोरच्या बाजूला उचलली जाते.

गाडी सुरू झाली. आवाज स्वच्छ आहे.

१८ ऑक्टोबर

पहिली फेरी. कोरडी, भुसभुशीत वाट. परतल्यावर गाडी गार होऊ दिली आणि फिल्टर काढला.

फिल्टर वरून छान मातकट झालेला, आतून निळाशार. भाचा म्हणाला, "मामा, आतून एवढा स्वच्छ आहे, मग काम झालंच की!" फोमचं झालं होतं. मी फडकं बुटात फिरवलं, तर खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेली मातीची बारीक रेघ फडक्यावर उमटली.

फिल्टर बघून समाधान मानणारे बहुतेक जण इथे थांबतात, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो. फिल्टरच्या मागची बाजू वाचायला शिकलं पाहिजे. तिथली माती कशी बसली आहे यावरून ती कुठून आली ते सांगता येतं.

बुटाच्या भिंतीवर सगळीकडे सारखी, मळकट साय असेल तर धूळ फोममधूनच आली: तेल कमी, किंवा फिल्टर फार दिवस चालवला. रेघ फिल्टरच्या कडेपासूनच सुरू होत असेल तर कड नीट बसलेली नाही. माती तेलकट होऊन खाली साचली असेल तर तेल जास्त झालं होतं आणि ते धूळ घेऊन ओघळलं. फोमचे कण दिसले तर फिल्टरचं आयुष्य संपलं. आणि कडेजवळ स्वच्छ, पण थोडं पुढे रेघ सुरू होत असेल, तर फिल्टरचा संबंधच नाही. हवा दुसरीकडून येते आहे.

ग्रीसची रेघसुद्धा बोलते. कडेवरचं ग्रीस बाहेरच्या अंगाला काळं आणि आतल्या अंगाला स्वच्छ असावं. काळा पट्टा ग्रीस ओलांडून आत गेलेला असेल तर तिथेच गळती.

आजचं ग्रीस आतून पूर्ण स्वच्छ होतं. रेघ कडेच्या पुढे बोटभर अंतरावर सुरू होते. म्हणजे फिल्टर निर्दोष आहे.

१९ ऑक्टोबर

रात्री दिवे बंद करून बुटाच्या आत छोटा टॉर्च पेटता ठेवला आणि बाहेरून सगळीकडे पाहिलं. रबरातून उजेड येत नाही. जिथे फट, तिथेच उजेड. एअरबॉक्सच्या भिंतीला बूट जिथे जोडलेला आहे, त्याच्या खालच्या डाव्या बाजूला नखभर लांबीची प्रकाशाची रेघ दिसली.

जोडातलं मूळ सीलंट वाळून सुटलं आहे. ही फट फ्रेमच्या आत, मागच्या चाकाच्या समोर उघडते. म्हणजे कितीही चांगला फिल्टर, कितीही नीट तेल, तरी चाकानं उडवलेली धूळ त्याला वळसा घालून थेट इंजिनात. आधीच्या काळात डावा व्हॉल्व्ह ज्या धुळीनं खाल्ला तिच्यातली किती कुजक्या फोममधून आली आणि किती इथून, ते आता वेगळं करता येणार नाही. पण हे दार बंद केल्याशिवाय गाडी धुळीत नेणार नाही.

२० ऑक्टोबर

बूट पूर्ण सोडवला. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पातीनं खरवडलं, धातूच्या पातीनं एअरबॉक्सला ओरखडे पडतात. दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलनं पुसले. तेलाचा अंश राहिला तर नवं सीलंट धरत नाही, आणि जुन्या एअरबॉक्सवर फिल्टर ऑइलचा हात कायम फिरलेला असतो. पेट्रोलची वाफ सोसणारं, लवचिक राहणारं सीलंट न तुटणाऱ्या एका ओळीत दिलं, पट्टी बसवून स्क्रू समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळले. आत आलेला जास्तीचा मणी बोटानं सपाट केला, नाहीतर वाळल्यावर त्याचा तुकडा सुटून कार्ब्युरेटरमध्ये जाईल.

कार्ब्युरेटरकडचा क्लॅम्पही पाहिला. तिथे बूट नीट चढलेला नसणं ही आणखी एक नेहमीची जागा. कार्ब्युरेटर काढ-घाल करणाऱ्यानं शेवटी बोट फिरवून कड चारी बाजूंनी खाचेत बसली का ते बघितलंच पाहिजे.

२२ ऑक्टोबर

सीलंट पक्कं झालं. पुन्हा अंधारात टॉर्च. उजेड कुठेच नाही. फिल्टर बसवला.

१ नोव्हेंबर

दिवसभर कोरड्या टेकाडांवर. आम्ही तिघं होतो, बराच वेळ मी मधे. संध्याकाळी फिल्टरचा बाहेरचा पदर मातीनं गच्च, आतला अजून ओलसर निळा. फडकं बुटात फिरवलं: कोरं. फार बरं वाटलं.

तयार फिल्टर चढवला आणि वापरलेला धुवायला घेतला.

आधी कोरडा झटकला. मग बादलीत फिल्टर क्लीनर. रॉकेलही चालतं, पण ते तेलकट अंश मागे ठेवतं, म्हणून त्यानंतर साबण चुकवायचा नाही. पेट्रोल मात्र वापरत नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते, शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास. म्हणजे कुठल्याही हवामानात त्याची वाफ ठिणगीची वाट बघत असते. शिवाय पदर जोडणारा गोंद त्यानं विरघळतो. कार्ब्युरेटरवाली गाडी कधीमधी मागे फटका मारते. पेट्रोलची ओल उरलेला फोम तेव्हा पेट घेऊ शकतो.

फोम क्लीनरमध्ये बुडवून दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. लोकरी कपडा धुतात तसा, न घासता, न पिळता. बाहेरची बाजू बाहेरच ठेवतो. सुरुवातीलाच उलटा केला तर घाण स्वच्छ बाजूला चोळली जाते. दुसऱ्या बादलीत थोडं स्वच्छ क्लीनर घेऊन पुन्हा तेच. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण. पाणी नेहमी आतून बाहेर सोडायचं, म्हणजे कण आले त्याच वाटेनं परत जातात. उकळतं पाणी नको, गोंद मऊ होतो. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको. फोमला तिनं बारीक भगदाडं पडतात आणि ती तेल लावल्यावर दिसतही नाहीत.

शेवटी पांढऱ्या घमेल्यात स्वच्छ पाण्यात दाबून पाहिला. तळाला काळे कण बसले की पुन्हा धुवायचा. कण बसणं थांबलं तेव्हाच धुणं संपलं.

काही फिल्टर ऑइलं जैविक प्रकारची असतात आणि त्यांना त्यांचंच पाण्यात विरघळणारं क्लीनर लागतं. ती जोडी फोडली की तेल सुटत नाही, उलट चिकटगोळा होतो. मी एकच जोडी ठरवून दोन्ही फिल्टरना तीच वापरतो.

वापरलेलं क्लीनर बरणीत ओतून ठेवलं. माती खाली बसली की वरचं निवळ पुढच्या वेळी पहिल्या बादलीला होतं. तळाचा गाळ वापरलेल्या ऑइलच्या डब्यात जातो, गटारात नाही.

२ नोव्हेंबर

टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं, सावलीत टांगला. उन्हानं फोम लवकर कडक होतो. आतला पदर पूर्ण कोरडा व्हायला वेळ लागतो आणि तो बाहेरून हात लावून कळत नाही. मधोमध चिमटीत दाबून बघावं लागतं. ओल राहिली तर तिथे तेल धरत नाही, आणि तेवढी जागा धुळीला मोकळी.

१५ नोव्हेंबर

मित्राच्या ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या, गाडीचा फिल्टर बदलायला मदत केली. त्याचा कागदी, घड्यांचा. तो धुवायचा नसतो. काही कागदी फिल्टर कोरडे असतात; ते हलके ठोकून आणि आतून बाहेर, कमी दाबाची हवा मारून थोडे दिवस चालवता येतात. त्याचा तेल पाजलेल्या कागदाचा होता. त्याला हवाही मारायची नाही, मॅन्युअलप्रमाणे थेट बदलायचा. त्यानं विचारलं, "माझ्या फिल्टरवर तुझं फोमचं तेल मारू का? आणखी धूळ धरेल." नाही. कागदाची छिद्रं आधीच बारीक. त्यावर फोमचं चिकट तेल गेलं की हवाच बंद होते.

एक गोष्ट त्याला पटायला वेळ लागला. कागदी फिल्टर थोडा मळला की उलट जास्त बारीक धूळ अडवतो, कारण पृष्ठभागावर बसलेला धुळीचा थरही गाळणीचं काम करतो. म्हणून नुसता मळका दिसला की उपसून झटकत बसण्यात तोटाच. प्रत्येक वेळी काढ-घाल म्हणजे कडेतून धूळ आत पडायची एक संधी.

त्याच्या एअरबॉक्सच्या झाकणाची रबरी गास्केट खाचेतून बाहेर आली होती. ती बसवली. आमचा सगळ्यात उपयोगी पाच मिनिटांचा वेळ तोच.

२९ नोव्हेंबर

लांबचा पल्ला, दोन दिवसांचा, फुफाट्याचा. फिल्टरवर बारीक जाळीच्या कापडाची टोपी चढवून गेलो. तिलाही हलकं तेल. जाड धूळ टोपीवर थांबते. दुपारी थांबलो तेव्हा फिल्टर जागेवरून न हलवता नुसती टोपी काढून घेतली, खालचा फोम जवळजवळ स्वच्छ. धुळीच्या वाटेवर एअरबॉक्स जितका कमी उघडावा तितका बरा, आणि टोपीमुळे ते जमतं. तोटा एवढाच की हवेला थोडा जास्त अडथळा होतो. जोरात थ्रॉटल दिल्यावर जाणवतो, पण चालवण्यात अडचण आली नाही.

संध्याकाळी मुक्कामी पूर्ण फिल्टर बदलला. तयार फिल्टर झिपच्या पिशवीत, कडेला ग्रीस लावूनच नेला होता. सोबत हातमोजे, दोन स्वच्छ फडकी आणि योग्य मापाचा पाना. वारा पाठीमागून येईल अशी गाडी उभी केली, आधी बाहेरून सगळं पुसलं, मगच सीट उघडली.

चालवण्याबद्दल एक. पुढच्या गाडीच्या धुळीतून बाहेर राहणं कुठल्याही फिल्टरपेक्षा मोठं संरक्षण आहे. वाट रुंद असेल तर वारा येतो त्या बाजूला सरकायचं, अरुंद असेल तर धूळ बसेपर्यंत अंतर सोडायचं. इतरांना घाई असते, तरी मी थांबतो.

१३ डिसेंबर

चिखल आणि पाणी. ओढा ओलांडताना पाणी सीटच्या बरंच खाली राहिलं, तरी एअरबॉक्समध्ये शिंतोडे गेले होते. निचऱ्याच्या नळीची टोपी दाबल्यावर चमचाभर गढूळ पाणी आलं. फिल्टर ऑइल पाणी बऱ्यापैकी परतवतं, फोम आतून कोरडा होता. पण फोम पाण्यानं पूर्ण भिजला असता तर किक मारलीच नसती. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी धुताना फिल्टर काढून त्या जागी घट्ट बसणारं प्लॅस्टिकचं झाकण लावलं. फिल्टर जागेवर ठेवून प्रेशर वॉशर मारला की पाणी बाहेरच्या पदरातली बारीक माती आत ढकलतं. झाकण काढण्याआधी एअरबॉक्स पुसून कोरडा केला.

३ जानेवारी

पुन्हा टॅपेट. डावा इनटेक ०.१३, उजवा ०.११. जिथे ठेवले होते तिथेच. मधल्या काळातली धूळ बघता हा आकडा मी दोनदा मोजून घेतला. म्हणजे लेप उरलेला आहे आणि आता काही आत जात नाही. बुटात फडकं कोरं, ग्रीसची आतली बाजू स्वच्छ.

दोन फिल्टरपैकी जास्त वापरलेल्याची शिवण आज ताणून पाहिली. खालच्या वळणावर पदर किंचित सुटायला लागलेत. उजेडासमोर धरल्यावर तिथे सरळ पलीकडचं दिसतं. फोम अजून लवचिक आहे, दाबल्यावर पूर्ण फुगतो, गोंद लावून आणखी थोडा चालेलही. पण शिवण चिकटवलेला फिल्टर मी धुळीत नेणार नाही. तो बाद केला, पिंजरा ठेवला, नव्या फोमची मागणी टाकली.

पुढची कामं: बोल्टखालचा रबरी वॉशर चपटा झालाय, तो बदलणे. निचऱ्याच्या नळीची टोपी सैल आहे, क्लिप लावणे. बूट-एअरबॉक्सचा जोड पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी पुन्हा अंधारात टॉर्चनं तपासणे. वापरलेल्या ऑइलचा नमुना तपासणीला पाठवायचा आहे. त्यात सिलिकॉनचं (मातीतल्या क्वार्ट्झचा घटक) प्रमाण किती येतं ते बघायचं, कारण आत गेलेली माती शेवटी ऑइलमध्येच उतरते.